पावणेदोन सेकंदांत पडलेले सिद्धांत

१७ ऑगस्ट २०१७, गुरुवार. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळा आणि इटलीतली व्हर्गो यांच्यापर्यंत एक अतिशय बारीक थरथर पोचली. साधारण शंभर सेकंद ती चालली, हळूहळू वरच्या पट्टीत चढत गेली आणि तुटली. त्यानंतर १.७४ सेकंदांनी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी या अवकाश दुर्बिणीवर गॅमा किरणांचा एक छोटा झोत आदळला.

पावणेदोन सेकंद. तोंडाने हे दोन शब्द सावकाश म्हणेपर्यंत संपतात.

दोन्ही संदेश एकाच ठिकाणाहून निघाले होते. वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ नावाच्या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती गरगरत एकमेकांवर आदळले. त्या धडकेतून गुरुत्वीय लहरी निघाल्या आणि प्रकाशही निघाला. ही गोष्ट सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही तयार व्हायचा होता. तो लाव्हा आणखी सहा-साडेसहा कोटी वर्षांनी ओतला जाणार होता. एवढा प्रवास करून दोघं आले आणि त्यांच्या पोचण्यात फरक किती, तर पावणेदोन सेकंदांचा.

त्या वर्षी बातम्या आल्या त्या सोन्याच्या. अशा टकरीत सोनं, प्लॅटिनम तयार होतं हे दिसलं, म्हणून मथळे तसे झाले. पण त्या पावणेदोन सेकंदांनी आणखी एक काम केलं होतं. गुरुत्वाकर्षणाचे अनेक पर्यायी सिद्धांत, काहींच्या मागे दहा-पंधरा वर्षांची मेहनत असलेले, त्यांनी एका फटक्यात निकाली काढले. या पडलेल्या सिद्धांतांचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही. मला तो सांगायचा आहे.

आइनस्टाइनला प्रतिस्पर्धी कशाला?

मी शाळा-कॉलेजांत विज्ञानावर बोलायला जाते. गुरुत्वीय लहरींबद्दल बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो : "म्हणजे शेवटी आइनस्टाइनच बरोबर ठरला ना?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. प्रश्न साधा आहे, पण त्यात एक समजूत लपलेली असते, की आइनस्टाइनने १९१५ मध्ये सगळं सांगून ठेवलं आणि बाकीचे शंभर वर्षं त्यावर शिक्के मारत बसले.

प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतांची चुरस व्यापक सापेक्षतेच्याही आधी सुरू झाली होती. फिनलंडच्या गुन्नार नॉर्डस्ट्रॉमने १९१२-१३ च्या सुमारास आपला सिद्धांत मांडला. तो गणिताने सुटसुटीत होता आणि खुद्द आइनस्टाइनने त्याची गंभीर दखल घेतली होती. पण त्या सिद्धांतात सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकत नव्हता. १९१९ च्या खग्रास ग्रहणात ताऱ्यांच्या जागा सरकलेल्या दिसल्या आणि नॉर्डस्ट्रॉमचा रस्ता बंद झाला.

गुरुत्वीय लहरींच्या बाबतीत तर खुद्द आइनस्टाइनच डळमळत होता. फेब्रुवारी १९१६ मध्ये त्याने कार्ल श्वार्ट्‌सशिल्डला पत्रातून कळवलं की प्रकाशलहरींसारख्या गुरुत्वीय लहरी नसतात. जूनमध्ये त्याने त्या असतात असा निबंध सादर केला. त्यातल्या चुका १९१८ मध्ये दुरुस्त केल्या. पुढे १९३६ मध्ये नेथन रोझेनबरोबर त्याने पुन्हा घूमजाव केलं : अशा लहरी नसतातच, असं म्हणणारा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. संपादकाने तो एका तज्ज्ञाकडे तपासायला दिला. तज्ज्ञाने चूक दाखवली. आइनस्टाइन चिडला आणि निबंध मागे घेऊन त्याने दुसऱ्या नियतकालिकाला दिला. तो छापून येईपर्यंत मात्र त्याला चूक उमगली होती. छापील निबंधाचं शीर्षक आणि निष्कर्ष दोन्ही बदललेले होते. तो अनामिक तज्ज्ञ हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन होता, हे सत्तर वर्षांनी नियतकालिकाच्या नोंदींवरून पक्कं झालं.

म्हणजे ज्याच्या नावाने आपण शिक्के मारतो, त्यानेच वीस वर्षांत दोनदा हो आणि दोनदा नाही म्हटलं होतं.

पखवाजाची कणीक

पर्यायी सिद्धांत म्हणजे नेमकं काय बदलतात? समीकरणं बाजूला ठेवून सांगते.

भजनात पखवाज ऐकला असेल. त्याच्या डाव्या बाजूच्या पुडीला भिजवलेली कणीक लावतात. हात तोच, थापही तीच, पण कणकेमुळे आवाज खर्जात जातो. कणीक कमी-जास्त झाली तर जाणकाराला न बघताही आवाजावरून कळतं. अवकाशकाल ही ती पुडी समजा. तारे आदळणं ही थाप. गुरुत्वीय लहर म्हणजे पुडीचं थरथरणं. आइनस्टाइनच्या सिद्धांतात पुडी कोरी आहे. पर्यायी सिद्धांतवाल्यांचं म्हणणं असं, की तिच्यावर कसली तरी कणीक आहे. एखादं अदृश्य क्षेत्र, विश्वभर पसरलेलं. ते थेट दिसणार नाही, पण थरथर नीट ऐकली तर कळेल.

आता पुडी स्वतःच ताणली जात असेल तर? विश्व प्रसरण पावतंय. अशा विश्वात बारीक थरथर कशी वागेल याचं गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ येवगेनी लिफशिट्झने १९४६ मध्ये मांडलं. प्रसरणशील विश्वातले लहानसे विक्षोभ त्याने वेगळे केले : घनतेतले चढउतार, भोवरे आणि गुरुत्वीय लहरी. लहरींसाठीचं समीकरण एका ओळीत मावतं. लहर झुलते, विश्वाच्या प्रसरणामुळे तिला घर्षणासारखा विरोध होतो आणि ती ठरावीक वेगाने पुढे सरकते.

सिद्धांत बदलला की या ओळीत बदल करायला मोजक्याच जागा आहेत. लहरीचा वेग बदलता येतो. घर्षण कमी-जास्त करता येतं, म्हणजे लांबून आलेली लहर अपेक्षेपेक्षा क्षीण किंवा ठळक वाटेल. लहरीला वस्तुमान देता येतं, मग वेगवेगळ्या कंपनसंख्येच्या लहरी वेगवेगळ्या वेगाने धावतील. किंवा वाटेत लहरीला ऊर्जा देणारं अथवा तिच्याकडून घेणारं काहीतरी जोडता येतं. आइनस्टाइनच्या सिद्धांतात वेग प्रकाशाइतकाच, घर्षण फक्त प्रसरणाचं, वस्तुमान शून्य आणि जोडकाम काही नाही.

या चार जागा म्हणजे चार खिडक्या. कुठल्याही नव्या सिद्धांताला यांपैकी एका तरी खिडकीतून डोकावून आपलं तोंड दाखवावं लागतं. नाही तर तो वेगळा आहे हे लहरींवरून तरी कळणार नाही.

कणीक लावणारे

कणीक लावायची पहिली मोठी खटपट प्रिन्स्टनला झाली. १९६१ मध्ये कार्ल ब्रान्स आणि रॉबर्ट डिकी यांनी सुचवलं की न्यूटनचा जी हा स्थिरांक स्थिर नसावा. एक अदृश्य क्षेत्र त्याचं मूल्य ठरवत असेल आणि ते क्षेत्र जागोजागी, काळानुसार बदलत असेल. सिद्धांतात एक आकडा मोकळा होता. तो जितका मोठा, तितका सिद्धांत आइनस्टाइनच्या जवळ. २००३ मध्ये शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून तो आकडा किमान ४०,००० असला पाहिजे असं निघालं. ब्रान्स-डिकी सिद्धांत मेला नाही. तो कोपऱ्यात दाबला गेला.

याच काळात केंब्रिजमध्ये आपला एक माणूस असंच काहीतरी करत होता. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर तेव्हा पंचविशीत होते. १९६४ मध्ये फ्रेड हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यांची मध्यवर्ती कल्पना अशी : कुठल्याही कणाचं वस्तुमान त्याचं एकट्याचं नसतं, विश्वातल्या इतर सगळ्या कणांमुळे ते ठरतं. विश्व रिकामं केलं तर उरलेल्या एकट्या कणाला वस्तुमानच राहणार नाही. एका मर्यादेत या सिद्धांतातून आइनस्टाइनची समीकरणंच बाहेर पडतात, म्हणजे तो जुन्याला पोटात घेऊन पुढे जाऊ पाहत होता.

केंब्रिजमध्येच पीएचडी करणाऱ्या स्टीफन हॉकिंगने त्यातली एक अडचण हेरली. प्रसरणशील विश्वात सगळ्या कणांचा प्रभाव जमेला धरायला गेलं की बेरीज अनंतावर जाते. हॉइलने हा सिद्धांत रॉयल सोसायटीत मांडला तेव्हा हॉकिंगने सभेत उभं राहून हे सांगितलं, आणि १९६५ मध्ये त्यावर निबंधही लिहिला. त्याच वर्षी नारळीकरांना पद्मभूषण मिळालं. भारतात त्यांची मिरवणूक निघावी तशी कीर्ती झाली. हॉकिंगच्या आक्षेपाबद्दल मात्र आपल्याकडच्या कौतुकात सहसा काही नसतं.

मला ही दोन्ही टोकं खटकतात. एक टोक नारळीकरांना देव्हाऱ्यात बसवतं आणि सिद्धांताचं पुढे काय झालं ते विचारत नाही. दुसरं टोक म्हणतं, महास्फोट न मानणारा माणूस, सोडा त्याला. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा दोन्ही सूर माझ्या फोनवर शेजारीशेजारी येत होते. खरं तर हॉकिंगला ती बेरीज करता आली, कारण हॉइल-नारळीकरांनी बेरीज करता येईल इतक्या नेमकेपणाने सिद्धांत लिहिला होता. मोघम लिहिलं असतं तर आजही कुणी पाडू शकलं नसतं, आणि कुणाला त्याचा उपयोगही झाला नसता.

आणखी एक. याच नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभारली. तिथे संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरुत्वीय लहरी शोधण्याच्या पद्धतीवर काम केलं. गोंगाटात बुडालेली थरथर ओळखायची, तर ती कशी दिसेल याचे गणिती नमुने आधी तयार करून, एकेक नमुना मोजमापांवर ताडून पाहायचा. धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा त्यावरचा निबंध १९९१ चा आहे. लहरी सापडायला अजून चोवीस वर्षं होती. आइनस्टाइनला पर्याय शोधणाऱ्या माणसाच्या संस्थेत आइनस्टाइनच्या लहरी पकडायची जाळी विणली गेली, यात मला काही विसंगती वाटत नाही.

सगळे सिद्धांत एका पानावर

आता कॅनडातला ग्रेगरी हॉर्नडेस्की. वय पंचविशीच्या आसपास. त्याने एक सरळ प्रश्न विचारला : अवकाशकाल आणि सोबत एक अदृश्य क्षेत्र, एवढ्यावर जास्तीत जास्त व्यापक असे किती सिद्धांत लिहिता येतील? अट एकच, समीकरणात दुसऱ्या पायरीपेक्षा वरचे बदलदर नकोत. ही अट हौसेची नव्हती. वरच्या पायरीचे बदलदर आले की सिद्धांतात बहुतेक वेळा असं काही शिरतं ज्याची ऊर्जा तळ नसलेल्या विहिरीसारखी खाली खाली जात राहते. भौतिकशास्त्रज्ञ त्याला चक्क 'भूत' म्हणतात. हॉर्नडेस्कीने ही अट पाळणाऱ्या सगळ्या सिद्धांतांची यादी एका सूत्रात बसवली. १९७४ मध्ये ते छापून आलं.

कुणी फारसं वाचलं नाही. पुढे हॉर्नडेस्कीने व्हॅन गॉगची चित्रं पाहिली, त्याला चित्रकलेने धरलं आणि भौतिकशास्त्र मागे ठेवून तो चित्रकार झाला.

मग १९९८ उजाडलं. दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून दोन स्वतंत्र गटांना दिसलं की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय. याचं सोपं उत्तर म्हणजे आइनस्टाइनचा विश्वस्थिरांक, रिकाम्या जागेचीच ऊर्जा. पण पुंजभौतिकीने त्या ऊर्जेचा ढोबळ अंदाज काढला की तो निरीक्षणापेक्षा इतका मोठा येतो की १ वर १२० शून्यं मांडावी लागतात. मग अनेकांनी उलट विचार केला : अदृश्य ऊर्जा वगैरे काही नसेलच, आपला गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरांवर बदलत असेल तर?

इथून पर्यायांचा पूर आला. गॅलिलिऑन नावाचा सिद्धांत आला. २०११ मध्ये चार शास्त्रज्ञांनी 'फॅब फोर' मांडला आणि बीटल्सच्या नावाने त्यातल्या चार पदांना जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो म्हटलं. याच सुमारास लोकांच्या लक्षात आलं की आपण तुकड्यातुकड्याने जे शोधतोय ते कुणीतरी १९७४ मध्येच पूर्ण लिहून ठेवलंय. चित्रं काढत बसलेल्या माणसाचा सदतीस वर्षं जुना निबंध एकाएकी विश्वशास्त्राच्या मध्यभागी आला.

दुसऱ्या बाजूला डार्क मॅटर नाकारणारे होते. दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्यासाठी दिसणारं द्रव्य पुरत नाही. मॉर्डेहाय मिलग्रॉमने १९८३ मध्ये सुचवलं की द्रव्य कमी नाही, नियम वेगळा आहे. याकोब बेकेनस्टाइनने २००४ मध्ये त्या कल्पनेला सापेक्षतेच्या चौकटीत बसवून दाखवलं. कृष्णविवरांना एन्ट्रॉपी असते हे सांगणारा हाच तो बेकेनस्टाइन. त्याच्या सिद्धांताचं संक्षिप्त नाव टेव्हेस.

आधी लावलेली पैज

या इतिहासातला मला सगळ्यांत आवडणारा भाग असा, की निकाल लागण्याच्या आधी पैज लावलेली होती.

टेव्हेससारख्या सिद्धांतांत प्रकाश आणि गुरुत्वीय लहर वेगवेगळ्या वाटेने चालतात. प्रकाशाला दीर्घिकांची ओढ डार्क मॅटर असल्यासारखी जास्त जाणवते, लहरीला फक्त दिसणाऱ्या द्रव्याची. म्हणून दोघांच्या पोचण्यात फरक पडायला हवा. आता आयआयटी हैदराबादमध्ये असलेले शंतनु देसाई, एमरे काह्या आणि रिचर्ड वुडर्ड यांनी २००८ मध्येच हे मांडून ठेवलं होतं. एनजीसी ४९९३ एवढ्या अंतरासाठी तो फरक शेकडो दिवसांचा निघतो.

हॉर्नडेस्कीच्या यादीतल्या अनेक सिद्धांतांत पुडीवरच्या कणकेमुळे लहरीचा वेगच बदलतो. एडिनबरा विद्यापीठातले लुकास लोंब्राइजर आणि अँडी टेलर यांनी २०१५-१६ मध्ये लिहिलं की लहर आणि प्रकाश एकाच घटनेतून एकदम आले, तर अदृश्य ऊर्जेशिवाय विश्वाला वेग देणारे या यादीतले सिद्धांत टिकणार नाहीत. त्यांनी हे लिहिलं तेव्हा अशी एकही घटना सापडलेली नव्हती.

आणि मग १७ ऑगस्टची संध्याकाळ.

तीनच दिवस आधी, १४ ऑगस्टला, तीन यंत्रांनी मिळून पहिल्यांदा एक लहर पकडली होती. त्यावरून आणखी एक तपासणी सुरू झाली होती. १९७३ मध्ये क्लिफर्ड विल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की वेगवेगळ्या सिद्धांतांत लहर जास्तीत जास्त सहा तऱ्हांनी अवकाश ताणू शकते. आइनस्टाइनच्या सिद्धांतात त्यांतल्या दोनच. १४ ऑगस्टच्या मोजमापांचा कौल त्या दोघींच्या बाजूने पडला.

१७ तारखेचा हिशेब तर कागदाच्या कपट्यावर करता येतो. १३ कोटी वर्षं म्हणजे सुमारे चार हजार लाख कोटी सेकंद, ४ वर १५ शून्यं. त्यात फरक पावणेदोन सेकंदांचा. गॅमा किरण धडकेनंतर थोडे उशिरा निघाले असतील, ही शक्यता शास्त्रज्ञांनी जमेस धरली आणि अंतरही हात राखून घेतलं. तरी उत्तर आलं की दोघांच्या वेगातला फरक १ वर १५ शून्यं एवढ्या भागांत फार तर तीन भाग. भास्कराचार्यांच्या मोजणीत १ वर १५ शून्यं या संख्येला 'अंत्य' म्हणतात. त्या दिवशी हे नाव बरंच लागू पडलं.

१६ ऑक्टोबर २०१७ ला ही घटना जाहीर झाली. सत्तरहून अधिक वेधशाळांनी तिचा पाठलाग केला होता. त्यात नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीणही होती, स्फोटाचा मागे उरलेला मंद उजेड टिपणारी. जाहीर झाल्या झाल्या, एक-दोन दिवसांत, चार वेगवेगळ्या गटांचे चार निबंध आले. चारही 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये डिसेंबरात एकाच अंकात आले आणि चारही एकच सांगत होते. गॅलिलिऑनची गुंतागुंतीची रूपं गेली. फॅब फोरची चौकडी फुटली. हॉर्नडेस्कीच्या सूत्रातली लहरीचा वेग बदलणारी पदं खोडावी लागली. टेव्हेसही गेला. बेकेनस्टाइनला ते बघावं लागलं नाही. तो दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१५ मध्ये वारला होता, पहिली लहर सापडायच्या महिनाभर आधी.

या चार निबंधांतली मला जाणवलेली गोष्ट अशी, की लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच असल्या सिद्धांतांवर वर्षानुवर्षं काम करत होते. आपल्याच शेतातलं पीक कापावं तसं त्यांनी ते कापलं.

उरलं काय?

ब्रान्स-डिकी पद्धतीचे सिद्धांत वाचले. त्यांच्यात लहर प्रकाशाच्याच वेगाने जाते, म्हणून पहिल्या खिडकीतून ते दिसतच नाहीत. त्यांना पकडायचं तर घर्षणाच्या खिडकीकडे जावं लागेल. लहरीच्या ठळकपणावरून अंतर काढता येतं, हे बर्नार्ड शुट्झने १९८६ मध्ये दाखवलं होतं. प्रकाशावरूनही अंतर काढता येतं. दोन्ही अंतरं जुळली नाहीत, तर वाटेत लहरीला जास्तीचं घर्षण झालं असं समजायचं. पण एनजीसी ४९९३ विश्वाच्या मानाने आपल्या शेजारची. एवढ्याशा वाटेत ते घर्षण कळण्याइतकं साचत नाही. त्यासाठी फार लांबच्या, प्रकाशासकट दिसणाऱ्या घटना हव्यात.

पडलेल्यांसाठीही वकील उभे राहिले. क्लॉडिया द राम आणि स्कॉट मेलव्हिल यांनी २०१८ मध्ये म्हटलं, थांबा. हे सिद्धांत विश्वाच्या प्रचंड लांबीसाठी लिहिलेत. लायगोने ऐकलेली लहर त्या मानाने फारच आखूड, सिद्धांताची हद्द संपते त्या कुंपणावरची. तिथल्या वेगावरून आतल्या वेगाचा निवाडा कसा द्यायचा? हा मुद्दा रास्त आहे आणि तो तपासता येण्यासारखा आहे. २०३५ च्या सुमारास युरोपची लिसा ही अवकाश वेधशाळा सोडायची योजना आहे. २५ लाख किलोमीटर अंतरावरची तीन यानं लायगोपेक्षा कितीतरी लांब लहरी ऐकतील. तिथेही वेग प्रकाशाइतकाच निघाला तर हा युक्तिवाद संपेल.

मिलग्रॉमच्या बाजूचे लोकही गप्प बसले नाहीत. कॉन्स्टँटिनोस स्कॉर्डिस आणि टॉम झ्वोश्निक यांनी २०२१ मध्ये नवा सिद्धांत छापला. त्यात लहरीचा वेग प्रकाशाइतकाच राहील अशी बांधणी पहिल्यापासून आहे. कुणी म्हणेल, ही पळवाट. मी म्हणेन, पावणेदोन सेकंदांचा धडा त्यांनी पहिल्याच पानावर घेतला.

आणखी खालच्या पट्टीतला आवाज ऐकायची सोय आपल्याकडे आहे. पल्सार म्हणजे नियमित ठोके देणारे तारे. त्यांच्या ठोक्यांत पडणारा सूक्ष्म फरक वर्षानुवर्षं मोजला, तर एक झोका पूर्ण व्हायला कित्येक वर्षं लागतात अशा लहरींचा पत्ता लागतो. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी अशा लहरींचे पुरावे जाहीर केले. त्यात भारतीय गटाने युरोपीय गटाबरोबर काम केलं होतं आणि त्यांची निरीक्षणं खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी केलेली होती. पर्यायी सिद्धांतांची तपासणी त्या लहरींवरही सुरू आहे, कारण जास्तीच्या चार तऱ्हा असतील तर पल्सारांच्या ठोक्यांमधली जुळणी वेगळी दिसेल.

आणि हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंगामुळे हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहेच. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथल्या लायगो-इंडियाला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीचे दोन हात, काटकोनात. अमेरिकेतली दोन यंत्रं जवळपास एकाच दिशेने मांडलेली आहेत, त्यामुळे लहर अवकाशाला कुठल्या तऱ्हेने ताणतेय हे त्या दोघींना वेगळं ओळखता येत नाही. त्यासाठी पृथ्वीवर दूर, वेगळ्या कोनात उभी असलेली आणखी यंत्रं लागतात. म्हणजे कापसा-सोयाबीनच्या त्या मुलखात जे उभं राहणार आहे, त्याचं एक काम पुढचे काही सिद्धांत पाडणं हे असेल.

आता त्या नेहमीच्या प्रश्नाचं मी देते ते उत्तर. आइनस्टाइन बरोबर 'ठरला' असं मी म्हणत नाही. तो अजून पडलेला नाही. नॉर्डस्ट्रॉम पडला, हॉइल-नारळीकर अडले, ब्रान्स-डिकी कोपऱ्यात गेले, गॅलिलिऑन आणि टेव्हेस गेले. त्यांनी प्रत्येकाने एकेक ठिकाण दाखवून दिलं, जिथे व्यापक सापेक्षता चुकू शकली असती आणि चुकली नाही. हे पर्याय कुणी मांडलेच नसते, तर १.७४ हा आकडा वेधशाळेच्या वहीत एक नोंद म्हणून पडून राहिला असता. लहर आणि प्रकाश एकदम आले, बरं, मग? त्या आकड्याला अर्थ मिळाला तो त्याच्यावर आपलं सगळं लावून बसलेल्या लोकांमुळे.

विश्वाच्या प्रसरणाचा वेग का वाढतोय, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. १२० शून्यं जागच्या जागी आहेत. एक खिडकी जवळजवळ बंद झाली, उरलेल्या तिघी उघड्या आहेत, आणि या घडीला जगात कुठेतरी पंचविशीतलं कुणीतरी लिफशिट्झच्या त्या एका ओळीत आपलं एक पद जोडत असणार. ते पद कुठल्या मोजमापाने खोडता येईल, हे त्याने किंवा तिने त्याच पानावर लिहून ठेवावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.